रंगाऱ्याच्या हंड्यातून सूक्ष्मदर्शकाखाली

यकृताची किंवा मेंदूची ताजी, कागदाहून पातळ चकती काचेवर ठेवून उत्तम सूक्ष्मदर्शकातून पाहिली, तर हाती निराशाच येते. करड्या उजेडात काही धूसर कडा, मध्येच एखादा चकाकता ठिपका आणि बाकी सगळे पाण्यासारखे. याचे कारण साधे आहे. पेशीत बहुतांश पाणी असते, उरलेल्या प्रथिनांना आणि मेदांना स्वतःचा रंग नसतो, आणि पेशीच्या आतले निरनिराळे भाग प्रकाशाला जवळपास सारखेच वाकवतात. ग्लिसरिनमध्ये बुडवलेली काचेची कांडी डोळ्यांदेखत नाहीशी होते, तशी पेशीची आतली रचना प्रकाशात विरून जाते. भिंग कितीही शक्तिशाली घ्या, जिथे एक भाग दुसऱ्यापासून वेगळाच दिसत नाही तिथे ते धूसरपणाच मोठा करून दाखवते. शरीराच्या सूक्ष्म रचनेचा इतिहास सांगताना आपण सगळे श्रेय भिंगाला देऊन मोकळे होतो. त्यातला मोठा वाटा रंगाऱ्याचा आहे, असे मला ठामपणे वाटते. १८५८ ते १९०६ या अर्धशतकात ऊतिशास्त्राने जे जे पाहिले, ते कापड रंगवणाऱ्यांच्या विद्येतून आलेल्या द्रव्यांनी दाखवले. पुढे ही विद्या दाखवण्यावर थांबली नाही. कोणता पदार्थ कशाला चिकटतो हे सांगू लागली, आणि तिथून औषधशास्त्रापर्यंत पोचली.

भिंग आधी आले, यात वाद नाही. रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या कापात रिकामे कप्पे पाहिले. डेल्फ्टच्या आंतोनी फान लेव्हेनहुक यांनी स्वतः घासलेल्या एकाच भिंगातून रक्तपेशी, शुक्रजंतू आणि सूक्ष्मजीव पाहिले. याच लेव्हेनहुक यांनी १७१४ मध्ये स्नायूंचे तंतू नीट दिसावेत म्हणून मद्यार्कात केशर विरघळवून ते तंतूंवर लावले होते. रंगवण्याची गरज इतक्या लवकर कळली होती, पण ती कल्पना तिथेच राहिली आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे कोणी ती नेटाने उचलली नाही. दरम्यान मिश्र सूक्ष्मदर्शकाची बदनामी झाली. त्याच्या भिंगांमुळे प्रत्येक कडेभोवती इंद्रधनुष्यासारखी झालर दिसे आणि खरे काय, खोटे काय हे ठरवणे अवघड होई. पॅरिसच्या झाव्हिए बिशा यांनी १८०१ मध्ये शरीराचे घटक २१ प्रकारच्या ऊतींत विभागले, ते सूक्ष्मदर्शकाला हातही न लावता. त्या उपकरणावर त्यांचा विश्वासच नव्हता. ही अडचण लंडनचे मद्यव्यापारी जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी दूर केली. १८३० मध्ये त्यांनी भिंगांची जुळणी कशी करावी याचे गणित मांडले आणि झालरी गेल्या. म्हणजे १८३० नंतर चांगले भिंग बाजारात होते. मग ऊतिशास्त्राची खरी भरभराट आणखी तीस-चाळीस वर्षे का थांबली?

इथे पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो वजनदार आहे. पेशीसिद्धांत रंगाविना जन्मला. मातियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पतींबद्दल आणि थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये प्राण्यांबद्दल तो मांडला, तेव्हा रंगवण्याची पद्धत रूढ नव्हती. रुडॉल्फ फिर्खो यांचे 'पेशीविकृतिशास्त्र' १८५८ चे, तेही मुख्यतः न रंगवलेल्या ऊतींवर उभे. हे सगळे खरे आहे. पण श्वान यांनी प्राण्यांच्या शरीरात सुरुवात कुठे केली ते पाहावे. पृष्ठरज्जू आणि कूर्चा! याच दोन ठिकाणी प्राण्यांच्या पेशींना वनस्पतींसारख्या ठळक सीमा असतात, त्या रंगाशिवायही डोळ्यांत भरतात. म्हणजे निसर्गाने जिथे रेषा आधीच आखून ठेवल्या होत्या, तिथून सिद्धांत सुरू झाला आणि बाकीच्या शरीरावर अनुमानाने पसरला. श्वान यांच्या विचारशक्तीला यामुळे उणेपण येत नाही. पण यकृताच्या, मूत्रपिंडाच्या, मेंदूच्या पेशी एकीपासून दुसरी वेगळी ओळखायची आणि निरोगी पेशी आजारी पेशीपासून वेगळी काढायची, हे काम अनुमानावर चालणारे नव्हते. पेशी आहे एवढे म्हणणे वेगळे, आणि ती कोणती आहे, काय करते, तिच्यात काय बिघडले आहे हे सांगणे वेगळे. रोगनिदानाला लागते ते दुसरे.

आणि फिर्खो यांनी रंग अगदीच वापरला नव्हता असेही नाही. १८५४ मध्ये त्यांनी मेंदूतल्या काही विचित्र गोल कणांवर आयोडीन आणि मग गंधकाम्ल घातले. कण निळसर-जांभळे झाले. आयोडीनने पिष्ट निळे होते हे तेव्हा शाळकरी ज्ञान होते, म्हणून फिर्खो यांनी त्या द्रव्याला 'ॲमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखे, असे नाव दिले. पाच वर्षांनी, १८५९ मध्ये, फ्रीडरिख आणि केकुले यांनी अवयवांत साचणाऱ्या तशाच द्रव्याचे रासायनिक पृथक्करण केले, तेव्हा ते प्रथिन निघाले. नाव मात्र चिकटले ते आजतागायत. या एका उदाहरणात माझ्या प्रतिपादनाच्या दोन्ही बाजू आहेत. रंगाने एक रोगद्रव्य पहिल्यांदा वेगळे काढून दाखवले, आणि त्याच रंगाने त्याच्याबद्दल चुकीचे सांगितले. रंगाच्या साक्षीवर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्न तेव्हापासून ऊतिशास्त्राच्या मागे लागला. त्याचा विचार पुढे करतो.

१८५८ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात ठेवावे. एर्लांगेनचे शरीरशास्त्रज्ञ जोसेफ फॉन गेर्लाख किरमिजाच्या द्रावणाने लहान मेंदूच्या चकत्या रंगवू पाहत होते. मेक्सिकोतल्या निवडुंगावर वाढणारे बारीक किडे वाळवून हा तांबडा रंग काढतात, आणि युरोपातल्या रेशमाच्या व लोकरीच्या रंगकामात त्याला तेव्हा मोठे मोल होते. गेर्लाख यांनी दाट द्रावण वापरले तेव्हा सगळी चकती सारखीच लाल झाली. एकदा एक चकती अगदी पातळ, जवळजवळ पाणीच म्हणावे अशा द्रावणात रात्रभर राहून गेली, आणि सकाळी पाहतात तो पेशींची केंद्रके गडद लाल, भोवतालचे पेशीद्रव फिके, तंतू त्याहून फिके. त्यांच्या आधी किरमिज वापरणारे कोणी नव्हते असे नाही. आल्फोन्सो कोर्ती यांनी १८५१ मध्ये आतल्या कानावर आणि थिओडोर हार्टिग यांनी १८५४ च्या सुमारास वनस्पतींवर ते वापरले होते. पण गेर्लाख यांच्या मजकुराने पद्धत पसरली, कारण त्यांनी द्रावण पातळ आणि वेळ लांब हा नेमका हिशेब लोकांच्या हाती दिला. अशा कथा ऐकल्यावर काही जण म्हणतात, हा तर निव्वळ योगायोग, यात विद्या कुठे आली? मला हे म्हणणे अन्यायाचे वाटते. चकती रात्रभर विसरणे हा योगायोग असेल. पण द्रावणाची ताकद, पाण्याचे तापमान, बुडवून ठेवायचा वेळ, धुण्याची पद्धत यांपैकी एकेक गोष्ट बदलून परिणाम पाहणे ही रंगाऱ्याची शेकडो वर्षांची शिस्त होती. ती शिस्त प्रयोगशाळेत आली म्हणून योगायोगाची पद्धत बनली.

ही शिस्त सर्वांत स्पष्ट दिसते ती हिमॅटॉक्सिलीनच्या गोष्टीत. आज जगातल्या कुठल्याही रुग्णालयात बायोप्सीची स्लाइड बनते तेव्हा केंद्रके निळी करणारे द्रव्य हेच असते. ते मध्य अमेरिकेतल्या एका काटेरी झाडाच्या गाभ्यातून निघते. मेक्सिकोतल्या कांपेचे प्रांतातून हे लाकूड युरोपात जहाजे भरभरून जाई, आणि त्याच्यासाठी स्पॅनिश व इंग्रज लोकांनी आपसांत लढायाही केल्या. गंमत अशी की शुद्ध हिमॅटॉक्सिलीन रंगतही नाही आणि रंगवतही नाही. हवेत मुरल्यावर त्याचे रूपांतर होते तेव्हाच रंग येतो, आणि तोही ऊतीला धरून राहायला मध्यस्थ मागतो. विल्हेल्म वाल्डेयर यांनी १८६३ मध्ये ते एकटेच वापरून पाहिले, पण रंग बसेना. १८६५ मध्ये ब्योमर यांनी त्यात तुरटी घातली आणि केंद्रके निळी झाली. हा शोध कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकातून आलेला नव्हता. तुरटीच्या पाण्यातून काढल्याशिवाय कापडावर रंग पक्का बसत नाही हे रंगारी जाणून होते. आपल्याकडेही आल आणि मंजिष्ठेचा लाल रंग तुरटीवाचून धुण्यात निघून जाई. पतंगाच्या लाकडातला रंग तर हिमॅटॉक्सिलीनचा रासायनिक भाऊबंदच. तुरटीतले ॲल्युमिनियम एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने रंगाला धरते, हे कारण विज्ञानाला पुढे कळले. युक्ती मात्र आधीपासून चालत होती. 'ऊती' हा शब्द विणणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे, 'ओतप्रोत'मध्येही तोच धातू आहे, आणि 'हिस्टॉलॉजी'तला ग्रीक 'हिस्टॉस' म्हणजे माग किंवा मागावरचे कापड. शरीराला वस्त्राची उपमा देणारे लोक पुढे त्याला वस्त्रासारखेच रंगवू लागले.

नैसर्गिक रंगांनी दार उघडले. कृत्रिम रंगांनी ते सताड केले. १८५६ मध्ये लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम हेन्री पर्किन हिवतापावरचे क्विनीन कृत्रिमरीत्या बनवू पाहत होता. क्विनीन जमले नाही, पण डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलीनमधून एक सुंदर जांभळा रंग हाती आला. त्यातून उभा राहिलेला उद्योग काही वर्षांत जर्मनीने आपलासा केला, आणि दरवर्षी नवनवे रंग बाजारात येऊ लागले. १८७० च्या दशकात हाइनरिख कारो यांनी बनवलेला गुलाबी इओसीन त्यांपैकीच. १८७६ मध्ये विसोत्स्की यांनी हिमॅटॉक्सिलीन आणि इओसीन एकत्र वापरले आणि ती जोडी पुन्हा फुटली नाही. यामागचे रसायन आज नीट सांगता येते. तुरटीसह हिमॅटॉक्सिलीनवर धन भार असतो, म्हणून ते केंद्रकातल्या डीएनएच्या ऋण भाराकडे ओढले जाते. इओसीनवर ऋण भार असतो, म्हणून ते पेशीद्रवातल्या आणि तंतूंतल्या प्रथिनांना धरते. निळी केंद्रके, गुलाबी पेशीद्रव. केंद्रक फुगले आहे का, वाजवीपेक्षा गडद झाले आहे का, पेशींची रांग मोडली आहे का, हे सगळे या दोन रंगांत वाचता येते. कर्करोगाचे निदान आजही प्रामुख्याने याच वाचनावर उभे आहे. कापडासाठी बनलेला रंग मात्र प्रत्येक घाण्यात थोडा वेगळा उतरतो. कापडगिरणीला त्याचे फारसे काही वाटत नाही, ऊतिशास्त्रज्ञाचे काम मात्र अडते. लाइपझिगचे औषधविक्रेते ग्र्यूब्लर यांनी १८८० पासून कारखान्यांतून रंग घेऊन, त्यांतले सूक्ष्मदर्शकाच्या कामाचे कोणते ते पारखून, बाटल्यांत भरून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नावाची बाटली जगभरच्या प्रयोगशाळांत विश्वासाची खूण झाली. पहिल्या महायुद्धात जर्मनीतून येणारे रंग बंद झाले, तेव्हा अमेरिकेतल्या संशोधकांना जैविक रंगांची प्रमाणे ठरवणारे मंडळच स्थापन करावे लागले. एका विज्ञानाचे डोळे एका उद्योगावर किती विसंबून होते, ते त्या टंचाईत उघडे पडले.

रंगाच्या आधी ऊती टिकवावी आणि कापावी लागते, त्याचाही थोडक्यात उल्लेख हवा. मद्यार्क, क्रोमिक आम्ल, पोटॅशियम डायक्रोमेट हे जुने टिकवणारे पदार्थ. १८९३ मध्ये फ्रँकफुर्टचे फर्डिनांड ब्लूम जंतुनाशक म्हणून फॉर्मॅल्डिहाइडची परीक्षा घेत असताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी कडक झाली, आणि त्यातून फॉर्मॅलीन ऊतिशास्त्राला मिळाले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस एडविन क्लेब्स यांनी ऊती पॅराफिन मेणात बसवली आणि विल्हेल्म हिस यांनी मायक्रोटोम वापरात आणला. पुढच्या काही वर्षांत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतक्या पातळ, सलग चकत्या काढता येऊ लागल्या.

आता दुसरा आक्षेप. कोणी म्हणेल, याच काळात भिंगही सुधारले, मग श्रेय रंगालाच का? येनाचे एर्न्स्ट आबे यांनी १८७० च्या दशकात प्रकाश एकवटणारा कंडेन्सर बनवला आणि १८७८ मध्ये तेलात बुडवायचे भिंग आणले. हे दोन्ही मोठे टप्पे. पण त्यांचा उपयोग कसा झाला ते पाहिले की आक्षेपच उलटतो. रॉबर्ट कॉख यांनी जखमांतून होणाऱ्या संसर्गावरच्या १८७८ च्या ग्रंथात दोन प्रकारच्या प्रतिमांतला फरक मांडला. एक, ऊतीच्या कडांवर प्रकाश वाकल्याने होणारी रचनेची प्रतिमा. दुसरी, रंगद्रव्याने प्रकाश शोषल्याने होणारी रंगाची प्रतिमा. पहिली दुसरीला झाकोळते. म्हणून कॉख यांनी आबेंचा कंडेन्सर पूर्ण उघडला, प्रकाशाचा लोट ऊतीतून इतका जाऊ दिला की सगळ्या कडा आणि छाया पुसल्या गेल्या, आणि उरले ते फक्त रंगलेले जंतू. न रंगवलेली ऊती पाहताना अगदी याच्या उलट करावे लागे, झडप बारीक करावी लागे. म्हणजे त्या काळातले सर्वोत्तम भिंग आणि सर्वोत्तम प्रकाशयोजना रंगाच्या सेवेला लावली गेली. भिंग आवश्यक होते, हे मी नाकारत नाही. पण काय पाहायचे ते रंगाने ठरवले आणि भिंग त्याप्रमाणे जुळवून घेतले गेले.

रंगाने पुराव्याचे वजन कसे बदलते, हे कुष्ठरोगाच्या जंतूच्या इतिहासात दिसते. नॉर्वेतल्या बेर्गेनचे आर्मावर हान्सेन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींतून काढलेल्या द्रवात बारीक काड्या पाहिल्या. न रंगवलेल्या, हलत्या, धूसर काड्या. त्या जंतूच आहेत हे ते ठामपणे म्हणू शकले नाहीत, आणि ऐकणाऱ्यांनाही ते पटले नाही. त्याच वर्षी ग्रे यांच्या शरीररचनाशास्त्रावरच्या ग्रंथाची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर नॉर्वेत पोचले. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले आणि साताऱ्यात सिव्हिल सर्जन राहिलेले हे डॉक्टर पश्चिम भारतातल्या कुष्ठरोगाचा अभ्यास घेऊन तिथे गेले होते, आणि नॉर्वेतल्या कुष्ठालयांवरचा त्यांचा अहवाल १८७४ मध्ये निघाला. १८७९ मध्ये तरुण आल्बर्ट नाइसर बेर्गेनला आले, हान्सेन यांनी उदारपणे दिलेले नमुने घेऊन ब्रेस्लाऊला परतले आणि ॲनिलीन रंगांनी ते रंगवले. काड्या लख्ख दिसल्या. नाइसर यांनी शोध आपल्या नावावर मांडला, आणि श्रेयाचा वाद पेटला. इतिहासाने न्याय हान्सेन यांच्या बाजूने दिला, तो योग्यच आहे. पण सहा वर्षे जे पटत नव्हते ते रंग चढताच का पटले, हा प्रश्न उरतोच. रंगवलेली काडी दुसऱ्याला दाखवता येते, चित्रात काढता येते, छायाचित्रात पकडता येते, दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा रंगवता येते. पाहणाऱ्याच्या नजरेत अडकलेली गोष्ट रंगामुळे चारचौघांची होते. पुढे मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाच्या अगदी सुरुवातीच्या खुणा ऊतींच्या रंगवलेल्या चकत्यांत शोधल्या आणि १९५१ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच वाटेवरचा.

१८८२ च्या २४ मार्चला बर्लिनमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तेव्हा श्रोत्यांत पाऊल एर्लिख बसले होते. या माणसाने रंगाचा अर्थच बदलला. त्यांच्या नात्यातले कार्ल वायगर्ट हे जंतू आणि ऊती रंगवण्यात निष्णात. स्ट्रासबुर्गला गुरू वाल्डेयर, तेच हिमॅटॉक्सिलीनवाले. एर्लिख यांचा १८७८ चा लाइपझिगमधला प्रबंध ऊती रंगवण्याच्या शास्त्रावर आणि प्रत्यक्षावर होता. रंग आणि ऊती यांचे नाते रासायनिक आहे, प्रत्येक रंग आपले ठिकाण निवडतो, असे ते धरून चालले. त्यातून त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे वर्ग पाडले: आम्लधर्मी इओसीन पिणाऱ्या त्या इओसिनोफिल, अल्कधर्मी रंग घेणाऱ्या बेसोफिल, दोहोंच्या मधल्या न्यूट्रोफिल. आज रक्ततपासणीचा कागद हातात घेणारा प्रत्येक रुग्ण ही नावे वाचतो. ती सगळी रंगाच्या आवडीनिवडीवरून पडलेली नावे आहेत. क्षयाचा जंतू रंगायला चिवट असतो, त्याला उष्णता दिली की रंग मुरतो आणि मग आम्लानेही निघत नाही, हे एर्लिख यांना लवकरच कळले. वाळायला ठेवलेल्या स्लाइडखालची शेगडी कोणीतरी नकळत पेटवली म्हणून हे उमगले, असे सांगतात. त्सील आणि नील्सेन यांनी केलेल्या सुधारणांसह तीच पद्धत आजही क्षयरुग्णाच्या थुंकीवर वापरली जाते. पुढे एर्लिख यांनी विचारले: मिथिलीन ब्लू जिवंत प्राण्याच्या शरीरात सोडल्यावर चेतातंतूंनाच जाऊन धरते, तर जंतूला धरणारे आणि रुग्णाला सोडणारे द्रव्य का सापडू नये? १८९१ मध्ये त्यांनी गुटमान यांच्याबरोबर हिवतापाच्या दोन रुग्णांना मिथिलीन ब्लू दिले आणि ते बरे झाले. पर्किन यांना हिवतापाच्या औषधाऐवजी रंग सापडला होता. पस्तीस वर्षांनी रंगातून हिवतापाचे औषध निघाले. पुढे उपदंशावरचे साल्वर्सान याच विचारातून आले.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल जातो. मेलेली, फॉर्मॅलीनने कडक केलेली, मेणात तापवलेली आणि डांबराच्या रंगात बुडवलेली पेशी जिवंत पेशीबद्दल काय सांगणार? १८९९ मध्ये आल्फ्रेड फिशर यांनी प्रथिनांच्या साध्या द्रावणांवर तेच टिकवणारे पदार्थ आणि तेच रंग वापरले आणि जाळी, कण, ताऱ्यासारख्या किरणाकृती तयार करून दाखवल्या. पेशीच नाही, तरी पेशीतली 'रचना' हजर! त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम बेट हार्डी यांनीही असाच इशारा दिला. पेशीद्रवाच्या जाळ्यांवर पानेच्या पाने लिहिणाऱ्यांना तो झोंबला, आणि झोंबायलाच हवा होता. त्या लिखाणातले बरेचसे खरोखरच टिकले नाही. पण कीलच्या वाल्टर फ्लेमिंग यांचे काम या तडाख्यात वाचले. सॅलमँडरच्या पिल्लांच्या पारदर्शक ऊतींत त्यांनी पेशीविभाजन जिवंत अवस्थेत होताना पाहिले, त्याच टप्प्यांवर ऊती टिकवून ॲनिलीन रंगांनी रंगवली, आणि दोन्ही चित्रे एकमेकांशी ताडून पाहिली. रंग शोषून घेणाऱ्या द्रव्याला त्यांनी 'क्रोमॅटिन' म्हटले, आणि १८८२ च्या ग्रंथात विभाजनाचे टप्पे क्रमाने मांडले. १८८८ मध्ये वाल्डेयर यांनी त्या तंतूंना 'क्रोमोसोम', म्हणजे रंगलेले देह, असे नाव दिले. मराठीत आपण 'गुणसूत्र' म्हणतो. त्या शब्दात आनुवंशिकता आहे, पण हे सूत्र पहिल्यांदा दिसले ते रंगामुळे, ही आठवण त्यात उरलेली नाही. एका रंगाची साक्ष पुरेशी नसते. वेगळ्या पद्धतीने रंगवून, न रंगवता, जिवंतपणी पाहून तेच दिसते का, हे तपासावे लागते. फिर्खो यांचा ॲमिलॉइड रसायनाच्या परीक्षेत नापास झाला, फ्लेमिंग यांचे तंतू प्रत्येक परीक्षेत उतरले. रंग खोटे बोलू शकतो म्हणून रंगच टाकून द्यावा हा निष्कर्ष त्यामुळे लंगडा पडतो.

या वादाचा सर्वांत नाट्यमय अंक मेंदूवर घडला. मिलानजवळच्या आब्बियातेग्रासो गावात असाध्य रोग्यांच्या आश्रमात डॉक्टर असलेले कामिल्लो गोल्जी आश्रमाच्या स्वयंपाकघरात उभारलेल्या छोट्या प्रयोगशाळेत काम करत. पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये कडक केलेली मेंदूची ऊती त्यांनी सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवली, आणि १८७३ मध्ये 'काळ्या प्रतिक्रिये'ची वार्ता प्रसिद्ध केली. फिकट पिवळ्या पार्श्वभूमीवर काही थोड्या चेतापेशी पूर्णपणे काळ्या, शेवटच्या फांदीपर्यंत. या पद्धतीचे मर्म ती किती सोडून देते यात आहे. मेंदूतल्या सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर काळ्याकुट्ट गुंत्याशिवाय काही दिसले नसते. शंभरातल्या मोजक्याच रंगतात, म्हणून एक झाड रानातून वेगळे दिसते. १८८७ मध्ये माद्रिदला लुईस सिमारो यांच्याकडे सांतियागो रामोन इ काहाल यांनी या स्लाइड पाहिल्या आणि ते त्यात बुडून गेले. त्यांनी चांदीची प्रक्रिया दोनदा केली, आणि भ्रूणांचा व नवजात प्राण्यांचा मेंदू निवडला, कारण त्यात तंतूंवर मेदाचे आवरण अजून चढलेले नसते. १८८८ मध्ये स्वतःच्या खर्चाने काढलेल्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे, तिच्या फांद्या दुसरीपाशी येऊन थांबतात. गोल्जी यांना त्याच पद्धतीत सलग, अखंड जाळे दिसत होते.

मग आक्षेप घेणारा म्हणेल, एकाच रंगातून दोन विरुद्ध निष्कर्ष निघाले, तर रंगाने काय सिद्ध केले? मी याचे उत्तर असे देईन. दोघांत फरक स्लाइडचा कमी आणि प्रश्नाचा जास्त होता. गोल्जी यांच्याजवळ मेंदू हा अखंड अवयव आहे ही कल्पना आधी होती आणि प्रौढ मेंदूतला गुंता त्यांना तिला पोषक वाटला. काहाल यांनी मुद्दाम असा मेंदू निवडला ज्यात तंतू अजून वाढत होते, वाढणाऱ्या टोकाची मोकळी अखेर दिसत होती. रंग तोच, पण कोणत्या ऊतीला, कोणत्या वयात, कोणत्या प्रश्नासाठी तो द्यायचा, हे ठरवण्यात काहाल यांचे कसब होते. आणि निर्णय शेवटी रंगाबाहेरच्या साक्षीने लागला: १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन चेतापेशींमधली फट दाखवली. त्याच दशकात त्याच उपकरणाने गोल्जी यांचीही बाजू एका ठिकाणी राखली. त्यांनी १८९८ मध्ये चेतापेशीच्या आत चांदीनेच रंगवलेली एक जाळी वर्णिली होती, आणि ती रंगाचा भास आहे असे म्हणणारे अर्धशतक भांडत होते. ती खरी निघाली आणि आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. एका माणसाचा एक निष्कर्ष चुकला आणि एक टिकला, दोन्ही चांदीच्याच आधाराने.

१९०६ हे वर्ष चांदीचेच म्हणावे. नोव्हेंबरात ट्यूबिंगेनला आलोइस आल्झहायमर यांनी स्मृती गमावलेल्या एका स्त्रीच्या मेंदूतले गुंते दाखवले. ते दिसले ते माक्स बिल्शोव्स्की यांनी नुकत्याच सुधारलेल्या चांदीच्या पद्धतीमुळे, जिच्यावाचून त्या आजाराची खूण डोळ्यांसमोर येऊच शकली नसती. डिसेंबरात स्टॉकहोमला गोल्जी आणि काहाल यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. ११ डिसेंबरच्या व्याख्यानात गोल्जी यांनी चेतापेशी स्वतंत्र असल्याचा सिद्धांत नाकारला, आणि त्यांच्यानंतर बोलणाऱ्या काहाल यांनी तोच सिद्धांत पुराव्यांसह मांडला. दोघांच्या व्याख्यानांतली बरीच चित्रे डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेटच्या त्याच काळ्या क्षारातून आलेली होती. तो क्षार शंभरातल्या नेमक्या त्याच मोजक्या पेशी का निवडतो आणि शेजारच्या सोडून का देतो, याचे समाधानकारक उत्तर दीडशे वर्षे झाली तरी मिळालेले नाही, आणि तरीही चेतापेशींच्या फांद्या मोजणारे संशोधक आजही मेंदूचे तुकडे त्या दोन द्रावणांत, एकामागून एक, अंधारात ठेवतात.